नाशकात पहिला छोटा मरीन टँक: मासा सगळ्यात शेवटी

नाशकात मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. रविवारी टँक येतो, सोमवारी पाण्यात मीठ पडतं आणि पुढच्या रविवारी मुलांच्या हट्टापायी क्लाउनफिशची जोडी घरात येते. आठ-दहा दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन भरभर श्वास घ्यायला लागतात. मग दुकानदाराला फोन, मग औषध, आणि महिन्याभरात रिकामा टँक गॅलरीत. त्यांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होण्याआधीच ते मासे आत सोडलेले असतात. गोड्या पाण्यातले गप्पी-मॉली अशी घाई कधीकधी सोसतात. खाऱ्या पाण्यात ती बहुधा जिवावर बेतते.

खालचा क्रम साधारण ७५ लिटर पाण्याच्या, फक्त मासे ठेवायच्या टँकसाठी आहे. तयारीपासून पहिल्या माशापर्यंत दोन महिने तरी हाताशी ठेवा. एवढं थांबणं जमणार नसेल तर गोड्या पाण्याचा टँक लावा, तोही सुंदर दिसतो.

टप्पा १: जागा, वजन आणि वीज

पहिल्या टँकसाठी २४ × १५ × १५ इंच हे माप घ्या, काच ८ मिमी. एक फुटाचा ठोकळा टँक स्वस्त आणि गोंडस दिसतो, पण पाणी जितकं कमी तितके त्यातले चढउतार जास्त. नवख्याला थोडं मोठंच माप सांभाळायला सोपं जातं.

भरलेला हा टँक वाळू-दगडांसकट सव्वाशे किलोच्या आसपास जातो. टीव्ही युनिटवर ठेवू नका. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो आणि उघडं लोखंड मिठाने गंजतं. चांगला प्लायवूडचा किंवा पावडर कोटिंग केलेला स्टँड घ्या आणि टँकखाली थर्माकोलचा सलग तुकडा घाला.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टँकवर येता कामा नये. देवघराशेजारची जागा टाळा, कारण अगरबत्ती-धुपाचा धूर हवेच्या पंपातून थेट पाण्यात जातो. त्याहून घातक म्हणजे डासांसाठी लावायचं लिक्विडचं मशीन. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं मासे, कोळंबी आणि खेकड्यांना विषारी असतात. टँकच्या खोलीत हे मशीन लावायचं नाही, खिडकीला जाळी बसवायची. पेस्ट कंट्रोल आणि दिवाळीआधीच्या रंगकामालाही हाच नियम.

विजेसाठी टँकच्या पातळीपेक्षा वर बोर्ड घ्या. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातच ठिबकतं. मीठाचं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं, म्हणून आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि हीटर साध्या पॉइंटवर, अशी विभागणी आत्ताच इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

तपासा: टँक स्टँडवर ठेवून साध्या नळाच्या पाण्याने भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि २४ तास तसाच राहू द्या. कागद कोरडा राहिला आणि चारही कोपऱ्यांत पाण्याची पातळी सारखी असली तरच पुढे जा.

टप्पा २: पाणी तयार करणं

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो.

आपल्याला समुद्र जवळ नाही, म्हणजे खारं पाणी घरीच बनवावं लागतं. त्यासाठी लागणारं मूळ पाणी जवळजवळ शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळही येतं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या बेसाल्टच्या जमिनीत बहुतेक ठिकाणी जड. जार वॉटर आणि बाटलीबंद पाण्यात क्षार असतातच.

मग बहुतेक जण म्हणतात, घरात आरओ आहे की! आहे, पण त्याच्या नळातून येणारं पाणी माणसाला पिण्यासाठी सुधारलेलं असतं. त्यात टीडीएस कंट्रोलरने थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, मिनरल कार्ट्रिज क्षार घालते. आणि हल्ली अनेक आरओंमध्ये मुद्दाम तांबं सोडणारी कार्ट्रिज असते. तांबं गोगलगाई, कोळंबी, खेकडे आणि प्रवाळांना अगदी कमी प्रमाणातही मारक ठरतं. शिवाय ते दगड-वाळूत मुरलं की काढून टाकणं फार अवघड. सवयीने तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी कळशीत भरून ठेवलेलं पाणी टँकला चालत नाही, ते याच कारणाने.

योग्य मार्ग असा:

१. आरओच्या मेम्ब्रेननंतर, पण मिनरल किंवा कॉपर कार्ट्रिजच्या आधी, टेक्निशियनकडून एक वेगळी लाइन काढून घ्या.
२. त्या लाइनवर डीआय रेझिनचा डबा बसवा. मेम्ब्रेनने न अडवलेले क्षार रेझिन धरून ठेवतं.
३. बाहेर येणारं पाणी टीडीएस मीटरने मोजा. ० यायला हवं. २-३ दिसायला लागलं की रेझिन बदला.
४. साठवण फूड ग्रेड प्लास्टिकच्या नव्या ड्रममध्ये करा. पितळी तोटी लावू नका. इतकं शुद्ध पाणी पितळेतलं तांबं ओढून घेतं.

सावध: सातपूर-अंबडच्या भंगारातून येणारे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी कोणतं रसायन होतं हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. कितीही धुतले तरी घेऊ नका. बादली, मग, नळी हे सगळं नवं आणि फक्त टँकसाठी राखलेलं असू द्या. घरातल्या बादलीला साबणाचा थर असतोच.

आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.

टप्पा ३: मीठ मिसळणं

स्वयंपाकाचं मीठ, खडे मीठ, सैंधव यांपैकी काहीही चालत नाही. त्यात प्रामुख्याने सोडियम क्लोराइड असतं. माशांना लागणारं मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पाण्याचा पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट योग्य प्रमाणात नसतात. मरीन टँकसाठीचं तयार सॉल्ट मिक्स घ्या. साधारण लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ७५ लिटरला पावणेतीन किलोच्या आसपास. पाकिटावरचं प्रमाण पाहून सुरुवातीला थोडं कमीच घाला. खारटपणा वाढवणं सोपं असतं, उतरवण्यासाठी मात्र तयार पाणी ओतून द्यावं लागतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, त्यात फिरता पंप, मग थोडं थोडं मीठ. डब्यात मीठ घालून वरून पाणी ओतलं तर सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियमचा चुना होऊन तळाशी पांढरा थर बसतो. तो पुन्हा विरघळत नाही आणि पाण्यातलं कॅल्शियम वाया जातं. मीठ पडल्यावर पाणी दुधट होतं, घाबरू नका. काही तासांत ते निवळतं, बादलीचा तळ स्पष्ट दिसायला लागतो. त्यानंतरच मोजमाप करा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याचं प्लास्टिक हायड्रोमीटर काट्याला बुडबुडे चिकटले की चुकतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, झाकण बसवा, आत हवेचा फुगा नाही ना ते पाहा, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून निळा-पांढरा भाग जिथे मिळतो तिथला आकडा वाचा. ३३ ते ३५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२५ ते १.०२६, ही पातळी हवी. यंत्र ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर जुळवलेलं यंत्र ३५ जवळ चुकीचं दाखवू शकतं.

पहिल्या वेळी टँक रिकामा असतो, त्यामुळे पाणी थेट टँकमध्येच बनवलं तरी चालतं. एकदा जीव आत गेला की टँकमध्ये कोरडं मीठ कधीही टाकायचं नाही.

सॉल्ट मिक्स हवेतला ओलावा पटकन ओढतं. श्रावणात उघडं राहिलेलं पाकीट दगडासारखं होतं, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

टप्पा ४: दगड, वाळू आणि यंत्रं

मरीन टँकमध्ये खरा फिल्टर म्हणजे सच्छिद्र दगड. जिवाणू त्याच्या छिद्रांत राहतात. आठ-दहा किलो कोरडा, टँकसाठी तयार केलेला रीफ रॉक किंवा सिरॅमिक रॉक पुरतो. गोदावरीच्या पात्रातला काळा दगड भरीव असतो, त्याचा इथे उपयोग नाही.

सावध: प्रवाळाचे तुकडे किंवा समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ कुणी देऊ केला तर घेऊ नका. रीफ (प्रवाळभित्ती) बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत; त्यांची खरेदी-विक्री आणि ते बाळगणं हा गुन्हा आहे. मेलेलं, वाळलेलं प्रवाळसुद्धा त्यातच येतं. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ उरलंय किती? दिवाणखान्यासाठी ते तोडलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू घाला. उलट केलं तर वाळू उकरणारा मासा पुढे दगड पाडतो आणि काच तडकते. वाळू अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज), एक-दीड इंच थर. बांधकामाची किंवा नदीची वाळू नको.

यंत्रं मोजकीच: तासाला ८०० ते १६०० लिटर पाणी फिरवणारा वेव्हमेकर, मागे अडकवायचा फिल्टर, १०० वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर, वेगळा थर्मामीटर आणि साधा एलईडी दिवा. मासेच ठेवायचे असतील तर महागडा रीफ लाइट घेऊ नका. ते पैसे टेस्ट किटवर घाला. वेव्हमेकर पृष्ठभाग हलता ठेवेल असा लावा, ऑक्सिजन तिथूनच मिसळतो.

तापमान २५ ते २७ अंश हवं. आपल्याकडे दोन्ही टोकं येतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटरशिवाय टँक टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३४-३५ अंशांची होते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. पृष्ठभागावर तिरका मारणारा छोटा पंखा आपल्या कोरड्या उन्हाळ्यात २ ते ४ अंश उतरवतो. खोली त्याहून तापत असेल तर दुपारी एसी किंवा चिलर लागेल. ज्यांच्या घरी यातलं काहीच शक्य नाही, त्यांनी टँक उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू करू नये. पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरुवात करणं सगळ्यात सोयीचं.

तपासा: मीठ, तापमान आणि प्रवाह तीन दिवस एकसारखे राहिले का? दिवसाच्या आणि पहाटेच्या तापमानात २ अंशांहून जास्त फरक पडत असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा.

टप्पा ५: सायकल, म्हणजे माशांशिवायचे सहा आठवडे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदलून ते उतरवता येतं. हे जिवाणू पुरेसे वाढेपर्यंत चार ते सहा आठवडे लागतात.

दुकानात अजूनही ‘एक डॅमसेल सोडून बघा, जगला तर टँक तयार’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. जिवंत माशाला आठवडेच्या आठवडे अमोनियात जाळून जे कळतं, ते शुद्ध अमोनियम क्लोराइडने काही रुपयांत कळतं. अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाल्याकडचा नवसागरच, पण बाजारातला नवसागर अशुद्ध असू शकतो. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून लॅब ग्रेड घ्या.

१. १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.
२. ७५ लिटरच्या टँकमध्ये या द्रावणाचे ५० मिली घाला. अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास येतो. अर्ध्या तासाने टेस्ट किटने खात्री करा.
३. बाटलीतले जिवाणू मिळाले तर याच वेळी घाला. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलेली बाटली बहुधा निकामी झालेली असते.
४. दिवा बंद ठेवा, तापमान २७ अंश, प्रवाह चालू. पाणी बदलायचं नाही.
५. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा. अमोनिया ० झाला की पुन्हा २५ मिली द्रावण घाला.
६. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून नायट्राइट चढतं आणि बराच काळ तिथेच अडकल्यासारखं वाटतं. इथेच लोकांचा धीर सुटतो. काही नवीन टाकू नका, वाट पाहा. नायट्राइट असताना नायट्रेटचं किट खोटा, फुगलेला आकडा दाखवतं, म्हणून नायट्रेट शेवटीच मोजा.

अमोनिया ४ पीपीएमच्या वर गेला तर घालणं थांबवा.

कसोटी: सकाळी ५० मिली द्रावण घाला. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० आले तर टँक तयार. दुसऱ्या दिवशीही नायट्राइट दिसत असेल तर अजून आठवडा. उत्तीर्ण झाल्यावर अर्धं पाणी बदला आणि नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा. पीएच ८.१ ते ८.४ आणि केएच (पीएच धरून ठेवणाऱ्या कार्बोनेटचं माप) ८ ते ११ मध्ये आहे ना, तेही एकदा बघून घ्या.

याच सुमारास वाळूवर तपकिरी थर दिसेल. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या टँकमध्ये येतात आणि आपले आपण जातात. औषध घालू नका.

टप्पा ६: पहिला मासा

पहिली निवड ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, शक्यतो टँकमध्ये जन्मलेली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या हॅचरीचं तंत्र विकसित केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या जोडीचा आग्रह धरायचं कारण नाही. टँकमध्ये वाढलेले मासे दुकानातलं खाणं ओळखतात आणि प्रवास चांगला सोसतात. ब्लू टँग या टँकला फार मोठा होतो, मँडरिन उपाशी मरतो, डॅमसेल दुसऱ्यांना जगू देत नाही. आणि क्लाउन आहे म्हणून अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्याच्या आसऱ्याने राहतो तो समुद्री जीव) हवाच असं नाही. वर्षभर तरी त्याचं नाव काढू नका.

दुकानात दुकानदाराला मासा खाऊ घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, भरभर हलणारे कल्ले किंवा कोपऱ्यात तोंड करून राहणं दिसलं तर त्या टँकमधला कोणताच मासा घेऊ नका.

मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटमधून आणत असाल तर सकाळी लवकर जा आणि पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवून परता. कसारा घाटात गाडी अडकली तरी पिशवी उघडून बघायची नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी राहतो. उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून घरी आल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं क्वारंटाइनच्या, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टबातल्या पाण्यावर तरंगू द्या, मग उघडून लगेच पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजा. फरक थोडा असेल तर मासा जाळीने काढून त्या टबात सोडा. फरक जास्त असेल तर क्वारंटाइनच्या पाण्याचा खारटपणा पिशवीइतका करून मासा आत सोडा आणि पुढच्या काही दिवसांत तो हळूहळू वाढवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

क्वारंटाइन हा शब्द ऐकून पुष्कळ जण पान उलटतात. तसं करू नका. २५-३० लिटरचा साधा टब, हीटर, लपायला पीव्हीसीचे तुकडे आणि सायकलच्या काळात मुख्य टँकमध्ये भिजत ठेवलेला स्पंज फिल्टर, एवढंच लागतं. मासा तिथे चार आठवडे ठेवा. या काळात मुख्य टँकमधल्या जिवाणूंना चिमूटभर खाणं किंवा थोडं अमोनियाचं द्रावण देत राहा. मरीन इक किंवा व्हेल्व्हेट (माशांना होणारे परजीवींचे रोग) मुख्य टँकमध्ये शिरला तर तांब्याचं औषध तिथे वापरता येत नाही. मासे बाहेर काढून इकसाठी टँक जवळजवळ अडीच महिने माशांशिवाय ठेवावा लागतो. त्यापुढे हा टब काहीच नाही.

टप्पा ७: पहिले तीन महिने

रोज: तापमान पाहा, मासे मोजा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. पाण्याची पातळी जिथवर हवी तिथे काचेवर टेपची खूण करा आणि उडालेलं पाणी भरून काढा. ते साध्या आरओ-डीआय पाण्याने भरायचं, खाऱ्या पाण्याने नाही. उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. खारं पाणी भरत राहिलात तर काही आठवड्यांत खारटपणा ४० च्या दिशेने जातो आणि मासे का सुस्तावले ते कळत नाही. पंखा लावलेल्या मे महिन्यात दिवसाला लिटर-दीड लिटर सहज उडतं.

आठवड्याला: ७-८ लिटर पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी मिसळून, तापमान आणि खारटपणा टँकशी जुळवून घ्या. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर जिवाणू जातात.

काचेच्या झाकणाऐवजी बारीक जाळी लावा. मासा उडी मारत नाही, पाल पडत नाही आणि हवा खेळती राहते. पुढचा मासा चार आठवड्यांनी. या टँकमध्ये एकूण तीन-चार छोटे मासे पुरेत.

वीज गेली तर आधी पाणी हलतं ठेवायची सोय करा, दिवा-फिल्टर नंतर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. हिवाळ्यात टँकला घोंगडी गुंडाळा, वर मात्र उघडं ठेवा. दोन-तीन तास बंद राहिलेला फिल्टर सुरू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून द्या, आतलं सडलेलं असतं.

दिवाळीत गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना खाण्याचा डबा देऊ नका. प्रेमाने चौपट खाणं पडतं आणि परत येईपर्यंत अमोनिया चढलेला असतो. एकेका दिवसाची पुडी करून वर तारीख लिहा, दिवसाआड एक पुरते. रोजच्या भरपाईचं पाणी एकेक लिटरच्या बाटल्यांत भरून ठेवा, टेपच्या खुणेपर्यंतच ओतायला सांगा आणि निघण्याआधी एकदा त्यांच्या हाताने हे सगळं करून घ्या.